हातमोजे

"मार त्याला!"

हे शब्द माझ्या तोंडून गेले, हे मला मुलाच्या चेहऱ्यावरून कळलं. २०२५ च्या जानेवारीतला शनिवार होता. घरापासून दोन तासांवरच्या गावात आइस हॉकीच्या धाकट्या व्यावसायिक लीगचा सामना होता. इथली पोरं चांगली खेळली की वर एनएचएल या सगळ्यांत मोठ्या लीगमध्ये जातात, नाही खेळली की आणखी खाली. मोठ्या लीगच्या मानाने तिकिटं पुष्कळ स्वस्त, त्यामुळे आम्हाला पार तिसऱ्या रांगेत, पेनल्टी बॉक्सच्या, म्हणजे शिक्षा झालेल्या खेळाडूला बसवतात त्या पेटीच्या, अंगाला जागा मिळाली होती. दुसरा पिरियड सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. फेसऑफच्या आधी, म्हणजे पंच दोघांमध्ये पक ही रबरी चकती टाकून खेळ सुरू करतो त्याच्या आधी, दोघे खेळाडू एकमेकांशी काहीतरी बोलले. भांडणाचा सूर नव्हता. बसमध्ये शेजारच्याला "ही जागा रिकामी आहे का" विचारावं, तितक्याच सहज. पक बर्फावर पडला आणि त्याच क्षणी दोघांच्या काठ्या पडल्या, चारही हातमोजे पडले. आणि आठ-दहा हजार माणसं एका झटक्यात उठून उभी राहिली. त्यात मीही होते.

दोघांनी एकमेकांभोवती एक फेरी घेतली. मग डाव्या हाताने एकमेकांच्या जर्सीची छाती मुठीत धरली आणि उजवे हात चालू झाले. टीव्हीवर या मारामारीचा आवाज येत नाही, समालोचक बोलत असतो, गर्दी ओरडत असते. तिसऱ्या रांगेत तो येतो. हेल्मेटवर मूठ बसली की कोरडा, पोकळ आवाज, आणि गालावर बसली की ओल्या फडक्यासारखा. दोन्ही लाइन्समन, म्हणजे रेफरीचे साथीदार पंच, जरा लांब, हात सैल सोडून उभे होते. मध्ये पडायची वेळ कोणती, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. दोघांतला एक जण खाली गेला, त्याच्यासोबत दुसराही गेला, तेव्हा ते पुढे झाले. सगळं मिळून अर्धा मिनिटसुद्धा नसेल. त्या अर्ध्या मिनिटात मी माझ्या मातृभाषेत, तीही लहानपणी ऐकलेल्या सुरात, एका अनोळखी पोराला दुसऱ्या अनोळखी पोराला मारायला सांगितलं होतं. आजूबाजूला कोणाला ते कळलं नाही. बारा वर्षांच्या माझ्या मुलाला मात्र कळलं. मराठी तो घरापुरतीच वापरतो, पण हा शब्द कळायला फारशी भाषा लागत नाही.

मग रेफरी आला आणि स्केटच्या पात्याने बर्फावरचा लाल ठिपका खरवडायला लागला. एक पोरगा छोटं फावडं घेऊन धावत आला, त्याने तेवढा बर्फ उचलला, बादलीत टाकला आणि निघून गेला. स्वयंपाकघरात दूध सांडलं तर आपण पुसतो, तितक्या सवयीने. दोघांपैकी जिंकला असं लोक ज्याला म्हणत होते, तो आमच्या समोरच्या पेटीत येऊन बसला. बावीस-तेवीसचा असेल. दाढी अजून नीट भरलेली नव्हती. वरचा ओठ फुटला होता. त्याने पाण्याची बाटली उचलली आणि ती त्याला तोंडापर्यंत नेता येईना. उजवा हात थरथरत होता, बोटांची पेरं सोलून निघाली होती आणि बाटली पुन्हा पुन्हा जाळीच्या मुखवट्यावर आपटावी तशी त्याच्या हनुवटीवर आपटत होती. पेटीचं दार उघडायला बसलेले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी काही न बोलता ती बाटली हातात घेतली, त्याच्या तोंडाशी धरली, दोन घोट पाजले आणि परत जागेवर ठेवली. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. खेळ सुरू झाला होता, सगळ्यांचे डोळे तिकडे होते.

परतीच्या वाटेवर बर्फ पडत होता. अर्धा रस्ता झाल्यावर मुलाने विचारलं, "आई, तू का ओरडत होतीस?"

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला खरोखरच कळून घ्यायचं होतं. आणि मला उत्तर देता आलं नाही.

तो "मार" कुठून आला, ते मला माहीत होतं. आमचं घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, खासबागेच्या कुस्तीच्या आखाड्यापासून चालत पाच मिनिटांवर. मोठं मैदान असलं की दुपारपासून हलगी सुरू व्हायची. आमच्या घरातले सगळे पुरुष जायचे, चुलतभाऊ तर सकाळपासून तयार असायचे. मुलींना नेत नसत. मी आणि माझी बहीण गच्चीवर बसून ऐकायचो. हलगीची लय चढत गेली की समजायचं, मोठी जोड लागली. मग एकदम सगळं शांत, आणि मग असा एक आवाज उठायचा की गच्चीवरची कबुतरं उडायची. कोण जिंकलं, कसं जिंकलं, कुणाला दिसत होतं? आम्हाला नुसता आवाज. त्या आवाजात आपण नाही याचं मला फार वाईट वाटायचं. तीस-पस्तीस वर्षांनी, हजारो मैलांवर, गोठवलेल्या बर्फाच्या कडेला तोच आवाज उठला आणि या वेळी मी त्याच्या आत होते. मी आधी उभी राहिले आणि मग मला दिसलं की समोर काय चाललंय. हा क्रम मला आजही अस्वस्थ करतो.

माझे थोरले काका तरुणपणी तालमीत होते. कान करंजीसारखे फुगून मिटलेले. रात्री जेवणं झाली की ते मैदानातल्या कुस्त्या आम्हा मुलींसाठी पुन्हा लावायचे, अंगणात चुलतभावांना उभं करून. एकदा कुणीतरी कुणाला चापट मारली तेव्हा त्यांनी खेळ तिथेच थांबवला होता. "कुस्तीत हात मारायचा नसतोय, धरायचा असतोय. मारला की कुस्ती मोडली." आणि ते माती अंगाला का लावतात तेही सांगायचे, सलामीच्या वेळी आपल्या हाताने समोरच्याच्या अंगावर माती टाकायची, म्हणजे त्याचं अंग आपल्या हातातून निसटू नये आणि आपलं त्याच्या. पकड दोघांनाही मिळाली पाहिजे.

बर्फावर पकडच नाही, हा सगळा फरक. जमिनीवर माणूस ठोसा मारतो तेव्हा पाय रोवतो, कंबर फिरवतो. पायात स्केट असतील तर ठोसा मारणाराच मागे सरकतो. म्हणून एका हाताने समोरच्याची जर्सी धरावी लागते. ती धरली नाही तर मारताही येत नाही आणि उभंही राहता येत नाही. तिसऱ्या रांगेतून हे मला पहिल्यांदा नीट दिसलं. ते दोघे एकमेकांना मारत होते आणि एकमेकांच्याच आधाराने उभे होते. एकाने सोडलं असतं तर दोघे पडले असते. शेवटी झालंही तसंच.

आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो, आणि इथे हॉकीचं वैर म्हटलं की एकच गोष्ट निघते. मुलाच्या स्केटना धार लावायला मी ज्या म्हाताऱ्या माणसाकडे जाते, त्याच्या दुकानाच्या भिंतीवर दोन गोलकीपर मैदानाच्या मध्यभागी एकमेकांना भिडलेत असा मोठा फोटो आहे. दगडावर पातं टेकवलं की ठिणग्या उडतात, जळक्या लोखंडाचा वास येतो, आणि त्या वासात तो ही गोष्ट सांगतो. मी ती किमान सहा वेळा ऐकली असेन. तो वर्ष सांगत नाही. नुसतं "मार्च सव्वीस" म्हणतो, जसं आपल्याकडे काही तारखांना वर्ष लागत नाही.

गोष्ट सुरू होते त्याच्या आदल्या वर्षी. १९९६ च्या मोसमात डेट्रॉइट रेड विंग्जनी बासष्ट सामने जिंकले होते, तोवर कुणी इतके जिंकले नव्हते. पण २९ मे रोजी डेन्व्हरमध्ये कोलोरॅडोच्या संघाने बाद फेरीच्या मालिकेत त्यांना बाहेर काढलं. त्या सामन्यात कोलोरॅडोच्या क्लोद लेम्यूने डेट्रॉइटच्या क्रिस ड्रेपरला पाठीमागून धक्का दिला आणि ड्रेपरचं तोंड बाकाजवळच्या कठड्यावर आपटलं. जबडा मोडला, नाक मोडलं, गालाचं हाड मोडलं. जबडा तारेने बांधून ठेवावा लागला. लेम्यूला दोन सामन्यांची बंदी झाली, बस. त्याचा संघ पुढे स्टॅन्ले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. पण डेट्रॉइटच्या मनातून जे गेलं नाही ते वेगळंच होतं. मालिका संपली की दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकांशी हात मिळवतात, ही हॉकीची फार जुनी रीत. त्या दिवशीही मिळवले. ड्रेपरचा चेहरा तोवर बऱ्याच जणांनी पाहिलेला नव्हता. डेट्रॉइटचा डिनो सिसरेली नंतर जे बोलला त्याचा मतलब असा होता की त्या माणसाचा हात मी हातात घेतला, यावरच माझा विश्वास बसत नाही.

मग २६ मार्च १९९७, जो लुई अरीना. जो लुई हा डेट्रॉइटमध्ये वाढलेला मुष्टियोद्धा, हॉकीचं मैदान त्याच्या नावाचं, हे योगायोगाने असलं तरी मला कधी विसरता येत नाही. सुरुवात झाली ती ज्यांच्याकडून कुणी अपेक्षा केली नसती अशा दोघांकडून, इगोर लारिओनोव्ह आणि पीटर फोर्सबर्ग. त्यांची झटापट चालू असताना डॅरन मॅकार्टी लेम्यूकडे गेला. मॅकार्टी ड्रेपरचा जिवलग. त्याचा पहिलाच ठोसा असा बसला की लेम्यू गुडघ्यांवर आला आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून कासवासारखा मिटला. मॅकार्टी मारतच राहिला. कोलोरॅडोचा गोलकीपर पॅट्रिक रुआ आपली जागा सोडून धावला, त्याला डेट्रॉइटचा ब्रेंडन शॅनहन मध्येच हवेत धडकला, आणि मग रुआ आणि डेट्रॉइटचा माइक व्हर्नन मैदानाच्या मध्ये एकमेकांना भिडले. भिंतीवरचा फोटो तो. मॅकार्टीला रेफरीने बाहेर काढलं नाही. सामना जादा वेळेत गेला आणि शेवटचा गोल त्यानेच मारला. सहा-पाच. जूनमध्ये डेट्रॉइटने कप जिंकला, बेचाळीस वर्षांनी. अजूनही इथले लोक सांगतात की त्या रात्रीशिवाय ते झालं नसतं.

धार लावणारा म्हातारा हे सांगताना डोळ्यांत पाणी आणतो. मला तो माणूस आवडतो. त्याच्या गोष्टीत मित्रासाठी उभं राहणं आहे, न्याय न मिळाल्याची चीड आहे, आणि दोन्ही खरी आहेत. दोन सामन्यांची बंदी हा काही न्याय नव्हता. पण कासवासारख्या मिटलेल्या माणसाचं चित्र मला त्या गोष्टीत कुठे ठेवावं ते समजत नाही. पुढे कित्येक वर्षांनी लेम्यू आणि मॅकार्टी एकाच टेबलाशी बसून त्याच मारामारीच्या फोटोंवर सह्या देत होते. म्हणजे ज्यांचं वैर होतं त्यांचं ते संपलं. भिंतीवर ते आहे तसंच आहे.

या खेळाने मारामारीला नियम घालून दिलेत, हे बाहेरच्या माणसाला पटवणं कठीण जातं. सासरी फोनवर सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग पंच कशाला असतो?" १९२२ पासून शिक्षा ठरलेली आहे, पाच मिनिटं पेटीत. दोघांच्या मारामारीत तिसरा घुसला तर तो बाहेर. भांडण उकरून काढणाऱ्याला वरून आणखी शिक्षा. जर्सी मागच्या बाजूने पँटला पट्ट्याने बांधलेली हवी, नाहीतर ती डोक्यावरून ओढून समोरच्याला आंधळं करता येतं, किंवा स्वतःच काढून टाकून निसटता येतं. आणि या लिखित नियमांच्या खाली न लिहिलेले. आधी विचारायचं. पडलेल्याला मारायचं नाही. ज्याच्या हाताला लागलंय त्याच्याशी लढायचं नाही. मोठ्या खेळाडूला कुणी त्रास दिला तर तो स्वतः लढत नाही, त्याच्यासाठी दुसरा कुणी लढतो. वेन ग्रेट्झ्कीच्या बाजूला एडमंटनमध्ये डेव्ह सेमेंको असायचा, नंतर मार्टी मॅकसोर्ली. १९८८ मध्ये ग्रेट्झ्कीला लॉस एंजेलिसला विकलं तेव्हा मॅकसोर्ली त्याच सौद्यात बरोबर गेला. आणि नियम पाळणारेच ते मोडतातही. २००० साली त्याच मॅकसोर्लीने डोनाल्ड ब्रॅशियरच्या डोक्यावर मागून काठी मारली. २००४ मध्ये व्हॅन्कूव्हरच्या टॉड बर्टुझीने स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारून बर्फावर आपटलं, मानेची तीन हाडं मोडली. मूर पुन्हा कधीच खेळला नाही. तोही बदलाच होता, तीन आठवड्यांपूर्वीच्या एका धक्क्याचा. मार्च सव्वीससारखाच. फक्त या बदल्याचा फोटो कुणी भिंतीवर लावत नाही.

हेल्मेटची गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागते. २००८ च्या डिसेंबरात कॅनडातल्या ऑन्टारिओत डॉन सँडरसन नावाच्या एकवीस वर्षांच्या खेळाडूचं हेल्मेट मारामारीत निघालं आणि तो डोक्यावर पडला. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी तो गेला. एनएचएलमध्ये यावर पुढे चर्चा होत राहिली, आणि २०१३ मध्ये नियम आला की मारामारीआधी स्वतःचं हेल्मेट काढणाऱ्याला दोन मिनिटं जास्त. त्याच सप्टेंबरात सरावाच्या एका सामन्यात क्रिस बार्च आणि ब्रेट गॅलंट समोरासमोर आले. त्यांनी काय केलं, तर एकमेकांची हेल्मेटं काढली. अगदी हळुवारपणे, हनुवटीखालचा पट्टा सोडवून. जशी आई शाळेतून आलेल्या मुलाची टोपी काढते. हेल्मेटवर आपटून समोरच्याचा हात मोडू नये, एवढी काळजी होती. आणि मग एकमेकांना मारायला लागले. मी ती फीत कितीतरी वेळा पाहिली. लोक हसतात ती बघताना. मला तो हात दिसतो, पट्टा सोडवणारा.

या हातांचं पुढे काय होतं?

बॉब प्रोबर्ट नदीपलीकडच्या विंडसरचा. डेट्रॉइटसाठी खेळला, आणि १९८७-८८ च्या मोसमात ३९८ मिनिटं पेटीत बसला. त्याच मोसमात त्याने एकोणतीस गोलही केले होते, हे विसरलं जातं. त्याचा जोडीदार जो कोसर. समोरच्याच्या दातावर ठोसा बसून त्याचा उजवा हात फाटला होता, जखम चिघळून शस्त्रक्रिया करावी लागली होती, आणि तो त्याच हाताने पुन्हा लढत राहिला. या शहराने त्या दोघांवर जीव ओवाळून टाकला. प्रोबर्टच्या वाट्याला दारू आली, कोकेन आलं, तुरुंगही आला. २०१० च्या जुलैत सेंट क्लेअर सरोवरात कुटुंबासोबत बोटीवर असताना तो कोसळला. वय पंचेचाळीस. त्याचा मेंदू बॉस्टनच्या संशोधकांना दिला होता. डोक्यावर वारंवार बसलेल्या माराने होणारा, सीटीई नावाचा आजार त्यात सापडला. पुढच्या उन्हाळ्यात असाच लढणारा डेरेक बूगार्ड गेला, दारू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या मिश्रणाने, अठ्ठाविसाव्या वर्षी. सहा फूट सात इंच उंच, २७७ सामन्यांत तीन गोल. त्याच्याही मेंदूत तेच सापडलं. त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन, मग वेड बेलाक. प्रत्येकाचं मरण वेगळं आणि प्रत्येकाच्या घरचं दुःख वेगळं, त्यांना एका ओळीत बसवायला माझं मन धजत नाही. पण कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेलं मी वाचलं आहे. अशा लढवय्या खेळाडूंपैकी जे वारले, ते त्यांच्या बरोबरीच्या इतर वारलेल्या खेळाडूंपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गेले. लीगचे प्रमुख गॅरी बेटमन मात्र खेळाचा आणि या आजाराचा संबंध सिद्ध झाल्याचं मान्य करत नाहीत. मला या वाक्याचा राग येतो. बाटली न धरता येणारा तो हात मी तीन हातांवरून पाहिला आहे.

२०१७ च्या एप्रिलमध्ये जो लुई अरीनातला शेवटचा सामना झाला. प्रोबर्टच्या पत्नीने त्या दिवशी त्याची थोडी रक्षा नेली आणि पेनल्टी बॉक्समध्ये ठेवली. हे मला धार लावणाऱ्या म्हाताऱ्यानेच सांगितलं. माझा विश्वास बसला नाही, मी घरी येऊन शोधलं, खरं होतं. आपण गंगेत नेतो, पंचगंगेत सोडतो, ज्या पाण्याशी माणसाचं नातं असतं तिथे. तिने त्या पेटीत नेली. ती इमारतही आता पाडून टाकली आहे. म्हातारा हे सांगताना यंत्र बंद करतो, हे माझ्या लक्षात आलं आहे.

त्या जानेवारीनंतरच्याच महिन्यात चार देशांच्या एका स्पर्धेत मॉन्ट्रियलला अमेरिका विरुद्ध कॅनडा सामना झाला. दोन देशांमध्ये आयातशुल्कावरून, कॅनडाला एक्कावन्नावं राज्य म्हणण्यावरून वातावरण तापलेलं होतं. अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू झालं तर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पक पडला आणि लगेच मॅथ्यू कचकने हातमोजे टाकले. पुन्हा पक पडला, त्याचा भाऊ ब्रेडी कचक. मग तिसरा. नऊ सेकंदांच्या खेळात तीन मारामाऱ्या. नंतर कळलं की आधी आपसात ठरलेलं होतं, मोबाइलवरच्या गटात. माझा मुलगा सोफ्यावर उभा राहून नाचत होता, त्याचा फोन मित्रांच्या निरोपांनी थरथरत होता. मी बसून राहिले. मला वाटलं होतं की मला किळस येईल. नाही आली. छाती धडधडत होती, तळव्यांना घाम आला होता, आणि कोपऱ्यात कुठेतरी हलगी वाजत होती. ते कबूल करते. खेळ इतका सुंदर असतो म्हणून हे सोसलं जातं की हे असतं म्हणून तो इतका ओढून घेतो, मला सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच दोन संघांची अंतिम लढत बॉस्टनला झाली. तिच्यात एकदाही हातमोजे पडले नाहीत, कारण कप हातात येण्यासारखा असताना पाच मिनिटं पेटीत बसायला कुणाला परवडतं? कॅनडा जादा वेळेत जिंकलं. म्हणजे थांबता येतं. ज्या दिवशी खेळ खरोखर महत्त्वाचा असतो त्या दिवशी सगळ्यांनाच थांबता येतं.

मुलाने एकदा विचारलं होतं, आपल्यातलं कुणी एनएचएलमध्ये होतं का. मी रॉबिन बावाचं नाव सांगितलं. ब्रिटिश कोलंबियातला पंजाबी घरातला मुलगा, १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला, त्या लीगमधला भारतीय वंशाचा पहिला. ज्युनियरमध्ये त्याने एका मोसमात सत्तावन्न गोल केले होते. मोठ्यांत टिकायला मात्र त्याला गोल करणाऱ्याची नाही, लढणाऱ्याची भूमिका घ्यावी लागली. एकूण एकसष्ट सामने. मुलाने विचारलं, "गोल करत होता ना तो? मग?" या 'मग'चंही उत्तर मला देता आलं नाही.

हॉकीत हातमोजे एरवी कधी उतरत नाहीत. पाणी पितानासुद्धा बरेच जण काढत नाहीत. ते उतरतात मारायच्या आधी, आणि मालिका संपल्यावर रांगेत हात मिळवताना.

यंदाच्या शरद ऋतूत मुलगा तेरा वर्षांचा झाला आणि वरच्या वयोगटात गेला. इथे या गटापासून अंगाने धक्का द्यायला परवानगी आहे. मारामारी केली तर सामन्यातून हकालपट्टी आणि पुढेही बंदी, ते नशीब. पहिल्याच सामन्यात त्याच्याहून डोकंभर उंच असलेल्या एका पोराने त्याला कठड्याजवळ गाठलं. धक्का नियमातला होता, मी शपथेवर सांगेन. खांद्याला खांदा. पण काच हादरली, आणि माझा मुलगा बर्फावर बसला, मग आडवा झाला. माझ्या मागच्या बाकावरच्या एका आईने त्याच्या बाजूने आरोळी ठोकली, "त्याला सोडू नकोस!" तिला वाटलं, ती मला साथ देते आहे. मी तेव्हा कधी उभी राहिले ते मला आठवत नाही. हात जॅकेटच्या खिशात होते, नखं तळव्यात रुतली होती.

तो उठला. सामना संपल्यावर रांग लागली, मी काचेला नाक लावून पाहत होते. तो उंच पोरगा जवळ आला तेव्हा माझ्या मुलाने उजव्या हाताचा मोजा काढून डाव्या काखेत धरला. त्याच्या संघात बाकी कुणी काढला नव्हता, सगळे मोज्यावर मोजा आपटून पुढे सरकत होते. त्या पोराला काय करावं ते कळेना, मग त्यानेही घाईघाईने काढला. दोन सेकंद. रांग मागून ढकलत होती.

गाडीत त्याने खिडकी खाली केली, कारण हॉकीच्या बॅगेचा तो आंबूस, ओला वास. खांदा दुखतोय का विचारलं तर नाही म्हणाला.

"तू आज ओरडलीस का? काचेतून काही ऐकू येत नाही."

"ओरडले ना."

"काय?"

"ऊठ, म्हटलं."

घरी आल्यावर तो जेवून झोपला. मी बॅग उघडली, हातमोजे काढले आणि रोजच्यासारखे हीटरच्या झडपेवर उलटे ठेवायला घेतले. उजव्या मोज्याचा तळवा काठी धरून धरून झिजला होता, एका ठिकाणी पार भोक पडलं होतं. अस्तर बाहेर खेचायला मी हात आत घातला. आतून तो अजून ओला होता, आणि कोमट.